छातीतली वाळू

“आली! आली! वाळू आली!”

मांडवात एकच कालवा झाला. पुढची माणसं मागच्यांना सांगू लागली, मागची टाचा उंचावून बघू लागली आणि कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं, “लोहनाथाच्या नावानं चांगभलं!” महाराजांच्या चेल्यानं घमेल्यातलं पाणी अलगद ओतून टाकलं आणि घमेलं गर्दीपुढनं मिरवत नेलं. तळाशी मूठभर काळी वाळू होती. फौंड्रीत साचे करायला वापरतात तीच, कोळशाची पूड मिसळलेली.

ती म्हणे समोर उकिडव्या बसलेल्या माणसाच्या छातीतनं निघाली होती. उलटी करून करून त्याचे डोळे लाल झाले होते, नाकातनं पाणी गळत होतं आणि तरी तो हसत होता. त्याचं नाव सम्राट. माझा विद्यार्थी. मी राजमतीबाई, कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं आणि आता निवृत्त झाले. मागं पत्र्याला टेकून मी हा तमाशा बघत होते आणि माझं डोकं असं तापलं होतं की कुणी त्यावर भाकरी भाजून घेतली असती.

“मी डाक्टर न्हाय रं बाबांनो!” गादीवर बसलेले लोहनाथ महाराज हातातला लोखंडी चिमटा खणखणवत म्हणाले. “मी लोखंडाचा नाथ! डाक्टर काय करतो? फोटू काढतो! फोटूत वाळू दिसती का? दिसती! मग काढत का न्हाई? काढली तर गिऱ्हाईक जाईल की हातचं! तो फोटू काढतो, मी वाळू काढतो!”

लोक खो खो हसले. टाळ्याही पडल्या. महाराजांना घेऊन आला होता बाळासो ठेकेदार. फौंड्रीला माणसं पुरवणं हा त्याचा धंदा. हायवेपासून आत, फौंड्र्यांच्या मागच्या माळावर हा मांडव त्यानंच घातला होता आणि खोकणाऱ्या कामगारांना टेम्पोत भरून त्यानंच आणलं होतं. त्यानं सम्राटच्या पाठीवर थाप मारली.

“नाद खुळा! बघितलासा का मंडळी? अर्धी छाती मोकळी झाली. पुढच्या सुट्टीला दुसरा उतारा घ्यायचा, आनि दुसऱ्या दिवशी गडी ग्राइंडरवर हजर!”

ग्राइंडर म्हटल्याबरोबर मी पत्र्याचा टेका सोडला. सम्राट फौंड्रीत ग्राइंडरवर होता. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात, गार झालं की साचा फोडतात, आणि मग त्या ओतीव तुकड्याला चिकटलेली वाळू आणि राहिलेल्या कडा ग्राइंडरनं घासून काढतात. घासताना जी धूळ उडते ती सम्राटनं विसाव्या वर्षापासून छातीत घेतली. चाळिशीही गाठली नाही आणि जिना चढताना मधे बसायला लागलं. राजारामपुरीतल्या छातीच्या डॉक्टर आदिती माझ्या नात्यातल्या. त्यांच्याकडं त्याला मीच नेलं होतं. त्यांनी एक्स-रे बघितला आणि स्पष्ट सांगितलं, ह्याला सिलिकोसिस आहे, वाळूच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा रोग. पुन्हा धुळीत गेला तर फार दिवस काढणार नाही. म्हणून तो घरी बसला होता. आणि आता हा चिमटेवाला त्याला परत त्याच शेडमध्ये पाठवायला निघाला होता.

महाराजांची पद्धत नीट सांगते, कारण सगळी मेख तिथंच आहे. सकाळपासून उपाशी यायचं. महाराज मंत्र पुटपुटत गुळाच्या बोराएवढ्या गोळ्या हातावर ठेवणार. त्या एकेक करून गिळायच्या. चावायच्या नाहीत हं! “दात लागला की मंत्र बाटला!” मग तांब्याभर कोमट तीर्थ घटाघटा प्यायचं, महाराज पाठीवर चिमटा आपटणार, आणि घमेल्यात उलटी.

आता गुळावर कुणी शंका घ्यावी? ह्या फौंड्रीत पाळी सुटताना प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची रीतच आहे. गूळ खाल्ला की छातीतली धूळ गुळाला चिकटून पोटात उतरते आणि सकाळी निघून जाते, अशी सगळ्यांची पक्की समजूत. मालक मानतो, सुपरवायझर मानतो, कामगारांच्या बायका तर मानतातच. कुणी बरा मास्क मागितला की गुळाची ढेप येते. वर्षानुवर्षं ह्या माणसांनी औषध म्हणून गूळ खाल्ला होता. महाराजांना नवीन काही पटवून द्यायचंच नव्हतं.

संध्याकाळी मी सम्राटच्या घरी गेले. त्याची आई अंबूबाई दारातच भेटली. मला बघून तिचा चेहरा फुलला.

“बाई, या की आत! पोरगं माझं हसतंय बगा आज. आवं, किती दिसांनी जेवलं पोटभर.”

सम्राट खरंच हसत होता.  त्याची बायको प्रियदर्शनी चहा ठेवायला उठली आणि माझी नजर देव्हाऱ्याकडं गेली. तिथं हळदीकुंकू वाहिलेली एक काळपट गोळी होती.

“शेवटची गिळवंना मला, खोकला आला,” सम्राट म्हणाला. “परसाद टाकून कसा द्यायचा? खिशात घालून आनला.”

मी जरा विचार केला आणि अंबूबाईकडं वळले. “अंबूबाई, मी जन्मभर खडूची धूळ खाल्ली आहे. माझाही घसा धड नाही. ही गोळी मला द्याल?”

“घ्या की! इचारतासा काय!” तिनं लगेच उचलून दिली. इतक्या सरळ माणसाला फसवताना त्या चिमटेवाल्याला काही वाटलं नसेल का, असं मनात येऊन गेलं.

मी काचेचा ग्लास मागितला, पाण्यात गोळी सोडली आणि चमच्यानं ढवळत बसले. आमच्या गप्पा चालूच होत्या. गूळ विरघळला. पाणी तांबूस झालं. मी ढवळायचं थांबवलं आणि तळाशी काळी वाळू बसली.

चहाची कपबशी हातात घेऊन प्रियदर्शनी तिथंच उभी राहिली.

“तोंडातनं घातली आणि तोंडातनं काढली,” मी म्हणाले. “तीर्थ चाखलंस ना सम्राट? खारट होतं का?”

“व्हय… लई खारट.”

“मिठाचं कोमट पाणी तांब्याभर प्यायलं की कुणालाही ओकारी येते. ह्यात कसला नाथ आणि कसला मंत्र?”

मला वाटलं, झालं काम. कसलं काय! अंबूबाईनं ग्लास निरखून बघितला आणि कपाळाला हात लावून म्हणाली, “बगा म्हाराजांची किमया! पोराला गिळवली न्हाई म्हणून त्याची वाळू हितं बसल्या जागी गुळात वढून घितली!”

 मी सम्राटकडं बघितलं. त्यानं ग्लासवरची नजर काढली.

“बाई, तुमी म्हंतासा ते बरोबर असंल. पन मला हलकं वाटतंय न्हवं. वाटू द्या की.”

मी त्या रात्री फार चिडचिड केली. महाराजावर, बाळासोवर आणि खरं सांगायचं तर सम्राटवरही. ह्या पोराला मी सातवीत अन्ननलिका आणि श्वासनलिका शिकवली होती. फळ्यावर आकृती काढून! पण चिडून वाळू विरघळत नाही. दुसऱ्या उताऱ्याच्या आत काहीतरी करायला हवं होतं, नाहीतर तो कामावर जाणार हे ठरलेलंच.

प्रियदर्शनीच दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आली. “बाई, मला पटलंया. पन ह्यांना घरात बसून पटायचं न्हाई. तितं समद्यांदेखत दावा. मी हाय तुमच्याबरोबर.”

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी मांडवात गेलो. गर्दी दुप्पट झाली होती. शिरोलीकडनं, कागलकडनं माणसं आली होती. भेळेची गाडीही आली होती. मी डोक्यावरनं पदर पुढं ओढला आणि रांगेत उभी राहिले. सकाळपासून उपाशी होते, पण उपासाचं आम्हा जैनांच्या घरात कुणाला कौतुक नसतं. माझी पाळी आल्यावर प्रियदर्शनी म्हणाली, “म्हाराज, आमच्या शेजारच्या हैत. लई खोकला हाय.”

महाराजांनी माझ्याकडं धड बघितलंही नाही. डोळे मिटले, चिमटा माझ्या पाठीला लावला आणि गर्दीला ऐकू जाईल असं ओरडले, “आरारारा! ढीग हाय, ढीग! ह्या माउलीनं जन्मभर फौंड्रीची वाळू खाल्लीया!”

“आई गं!” बायका हळहळल्या.

मी गोळ्या गिळल्या. एक तेवढी पदराच्या टोकात अडकवून ठेवली. तीर्थ प्याले. पुढचं वर्णन करत नाही. माझ्या वयाच्या बाईनं चारचौघांत असं ओकणं काही शोभेचं नव्हतं. पण वाळू आली. भरपूर आली. चेल्यानं घमेलं फिरवलं, चांगभलं झालं, महाराजांनी चिमटा वर धरला.

मी तोंड धुतलं, उठले आणि पदर खाली घेतला.

“अगं बया! ह्या तर राजमतीबाई!” पहिल्या रांगेतली एक बाई किंचाळली. त्या मांडवातल्या निम्म्या लोकांचे कान मी कधी ना कधी पिळले होते.

“हो, मीच,” मी मोठ्यानं म्हणाले. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज अजून शाबूत आहे. “मला एवढंच सांगा, मी आयुष्यात कधी फौंड्रीत पाऊल ठेवलेलं नाही. साच्याची काळी वाळू माझ्या छातीत आली कुठून?”

चांगभलं करणारे हात खाली आले. महाराज मात्र कसलेले. क्षणभरच गडबडले. “माउली, कोल्लापूरची हवाच तशी! उडून आली असंल. शाळेच्या खिडकीतनं!”

“असं? मग तुम्हीही इथं महिनाभर राहताय. तुमच्या छातीतही असणार. बसा घमेल्यापुढं. गूळ मी देते, बाजारातला, साधा.”

“नाथाला उतारा लागत न्हाय!”

“मग चेल्याला बसवा.”

चेला मागं सरकला. मी पदराच्या टोकातली गोळी काढली, पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत टाकली आणि खळखळ हलवून पहिल्या रांगेत दिली. बाटली हातोहात मागं गेली. जिथं जिथं पोचली तिथं तिथं कुजबुज सुरू झाली.

तेवढ्यात सम्राट पुढं आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. चार पावलं चालूनही तो धापा टाकत होता.

“मी घेतो उतारा,” तो म्हणाला. “कंपनीचा मागचा ऱ्हायलेला गूळ हाय माझ्या खिशात. माझ्या छातीत वाळू हाय, डाक्टरनीच सांगितलंया. बाईंच्या छातीतनं निघती, तर माझ्यातनं निघालीच पायजे.”

मला त्याला अडवायचं होतं. कारण त्याच्या डोळ्यांत मला अजून आशा दिसत होती. तो माझ्या बाजूनं पुढं आलाच नव्हता. साध्या गुळानंही वाळू निघेल, नाथ खरा ठरेल, अशीच त्याची इच्छा होती.

त्यानं गुळाचे खडे गिळले. तेच तीर्थ प्याला. तोच चिमटा त्याच्या पाठीवर महाराजांना मारायला लावला, सगळ्यांनी आरडाओरडा करून. सम्राट ओकला. चेल्याच्या हातातनं घमेलं हिसकावून एका तरण्या कामगारानं पाणी ओतलं.

घमेलं स्वच्छ होतं. गुळाचा तांबूस ओघळ सोडला तर तळाला काही म्हणजे काही नव्हतं.

सम्राट त्या घमेल्याकडं बघत राहिला. त्यानं बोट घालून तळ चाचपून बघितला. भोवती लोकांनी शिव्यांचा दणका उडवला होता, चपला उडत होत्या, महाराज चिमटा टाकून बाळासोच्या गाडीकडं पळत होते आणि त्यांचं धोतर खुंटीला अडकून फाटत होतं. एरवी मी पोट धरून हसले असते. पण सम्राट घमेल्यापुढनं उठेना. प्रियदर्शनीनं खांद्याला धरून त्याला उठवलं.

गाडीत बसता बसता बाळासो माझ्यावर खेकसला, “बाई, पोरांचा धीर घालवलासा तुमी!”

“धीर नको, धूळ ओढून नेणारा पंखा बसव म्हणावं मालकाला!” मी ओरडले. “पाणी मारून काम करा म्हणावं!”

“पंखं काय झाडाला लागत्यात व्हय?” असं म्हणून त्यानं दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी मी सम्राटच्या घरी गेले, जरा अभिमानानंच. म्हटलं, आता तो ऐकेल. तो अंगणात खुर्चीवर बसला होता.

“बाई, बाबा खोटा. कळलं मला,” तो म्हणाला. “आता खरं सांगा. खरं कोन काढतं?”

“काय?”

“वाळू. छातीतली. त्यो काढत न्हाई, मग कोन काढतं? डाक्टर?”

मी शिक्षिका. प्रश्नाचं उत्तर द्यायची मला सवय. मी सांगितलं. म्हटलं, डोळ्यांना दिसणारी वाळू छातीत जातच नाही रे. नाक अडवतं, घसा अडवतो, थुंकीतून निघते. आत जाते ती पिठाहून बारीक, उन्हाच्या तिरपीतसुद्धा धड न दिसणारी धूळ. ती फुप्फुसात रुतते आणि तिथं घट्टे पडतात, तुझ्या हाताला पडलेत तसे. हाताचा घट्टा तासता येतो. आतला कुणाला तासता येत नाही. डॉक्टरला नाही, देवाला नाही. वाळू काढायला आत सुटी वाळू नाहीच, फुप्फुसच दगड व्हायला लागलंय.

“म्हंजे औशध न्हाई.”

“दम लागेल तेव्हाची औषधं आहेत. पण पुन्हा धुळीत गेला नाहीस तर वाढायचं जरा हळू होईल. कदाचित.”

“कदाचित,” तो म्हणाला. मग बराच वेळ खोकला. खोकून झाल्यावर अगदी शांतपणे म्हणाला, “मग बाई, कामावर जातो मी. छाती बरी व्हनार आसती तर जपली आसती. व्हनारच न्हाई, तर घरात बसून कशाला खोकू? ग्राइंडरवर बसून खोकतो. पोरीचं शिक्षान तरी हुईल.”

मी ओरडले, समजावलं, डॉक्टर आदितींना फोन लावून दिला. त्यांनीही तळमळून सांगितलं. प्रियदर्शनी रडली, भांडली. त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सकाळी डबा घेऊन गेला. महाराज त्याला ‘बरा झालास’ सांगून पाठवणार होते. माझं खरं ऐकून तो ‘बरा होत नाही’ म्हणून गेला. दोन्ही वाटा त्याच शेडमध्ये निघाल्या आणि त्या शेडमध्ये पंखा नव्हता.

मी फौंड्रीच्या गेटवर गेले. पाळी सुरू व्हायच्या वेळेला उभी राहून तरण्या पोरांना सांगितलं. सरकारी कचेऱ्यांत गेले. कुणी खुर्ची दिली, कुणी चहा दिला. एका साहेबानं माझ्या महाराजाच्या किश्शाचं फार कौतुक केलं, दोनदा सांगायला लावला आणि हसून हसून डोळे पुसले. पंख्याचा विषय काढल्यावर म्हणाला, बघू. गेटवरच्या पोरांनीही मान डोलावली. त्यांना बुवाची लबाडी पटली, धूळही पटली. भोंगा झाला आणि ती तोंडाला रुमाल बांधून आत गेली.

सम्राटला शेवटी शेडमधनं उचलूनच आणावं लागलं. त्याच्या जागी बाळासोनं दुसरा माणूस लगेच उभा केला. महाराजांचं म्हणाल तर ते इचलकरंजीकडं असल्याचं कानावर आलंय. आता यंत्रमागावरच्या कामगारांच्या छातीतनं कापूस काढतात म्हणे. गोळ्यांत आता काय भरत असतील ते मी सांगायला नको.

अंबूबाई परवा बाजारात भेटली. मी हात जोडले. तिनं जोडले नाहीत.

“बाई, तुमी खोटं बोलला न्हाईसा,” ती म्हणाली. “पन त्या भामट्यानं माझ्या लेकाला हसवलं हुतं. जेवाय लावलं हुतं. तुमी त्याला काडून टाकलासा. त्याच्या जागी काय ठिवलासा?”

  तिचा प्रश्न चुकीचा नाही, फक्त तो मला एकटीला विचारून भागणार नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. हे वाचणाऱ्या तुम्हाला. तुमच्या घरातला पंप, तुमच्या गाडीचं इंजिन, तुमच्या रस्त्यावरचं गटाराचं झाकण कुणीतरी ओतलंय आणि कुणीतरी घासलंय. बुवाला पळवलं की आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. बुवा उभा राहतो तो मोकळ्या जागेत, जिथं पंखा हवा होता, पाण्याचा फवारा हवा होता, वर्षाला एकदा छाती तपासणारा डॉक्टर हवा होता. चमत्काराला ‘दाखव’ म्हणा, जरूर म्हणा, पाण्यात टाकून हलवून बघा. पण तेवढ्याच मोठ्यानं मालकालाही विचारा, धूळ जाते कुठं ते दाखव. आत गेलेली धूळ कुणालाही बाहेर काढता येत नाही, ती आत जाण्याआधीच अडवता येते. बुद्धीला एवढंच करता येतं, आणि तेवढंही आपण करत नाही.

सम्राट आता आडवा झाला की गुदमरतो. भिंतीला उशा लावून तो बसूनच झोपतो, आणि प्रियदर्शनी गेल्या महिन्यापासून त्याच फौंड्रीत कामाला जाते.